तिळाएवढं

पाद्री इनासनं कागद उलगडला,
एका कोपऱ्यावर माझी पटाशी ठेवली, एकावर गुण्या.
दूरदेशीचा चौक. फरशी. खांबांच्या दोन रांगा.
सगळ्या रेघा धावत एकाच ठिपक्यात शिरलेल्या,
सांजेला गुरं गोठ्यात शिरावीत तशा.

"तिकडे आता असंच काढतात," तो म्हणाला,
"डोळ्याला दिसतं तसं."
आत पोरं चार वेगळे सूर एकदम गात होती
आणि भांडण होत नव्हतं.

मी म्हटलं, आमच्यात राजा मोठा, चवरीवाला लहान,
मग तो कितीही जवळ उभा असो.
तो हसला. इथं लहान तो फक्त लांबचा.

रात्रभर ते वाक्य पाचरीसारखं आत बसत गेलं.

धाकू होर्मुझच्या गलबतावर चढला तेव्हा
रेवदंड्याच्या खाडीतोंडाशी मी उभा होतो.
शीड आधी सुपाएवढं, मग विड्याच्या पानाएवढं, मग तीळ.
मग नुसतं पाणी.
आई म्हणत राहिली, दिसतंय अजून.

वेदीमागची फळी सागाची.
संत कोरले, सुतळी ताणून कमानी ओढल्या,
आणि जिथं सगळ्या रेघा मिळतात
तिथं बारीक सामत्यानं भोक पाडलं.
आरपार.
मागून दिवा धरला तर कुसळाएवढा उजेड येतो.

पाद्री फळीवर बोट फिरवत आला, थांबला.
"कीड लागली का रे, मेस्त?"

बाहेर ओहोटी लागलेली.
हो म्हटलं. कीड.
पावसाळ्याआधी बुजवतो.