न पेटलेलं

स्फोटाची भीती मला कधी फारशी वाटली नाही.
स्फोट झाला की झाला.
आरशात पांढरा लखलखाट, बंकरच्या छतातून झरणारी वाळू,
आणि मग हॉबर्ट रस्टन टोपी झटकत म्हणायचा,
"लिही, डेल्फीन. आधी वेळ लिही."
मी लिहायची:
४.२ सेकंद. दाब वाढला. इंजिन नाहीसं झालं.

'नाहीसं' हा शब्द माझा.
लेलंडला तो खपत नसे.
अहवालात तो लिहायचा, 'चाचणी अपुरी राहिली',
जणू कुणी भरल्या ताटावरून उठून गेलं होतं.

इंजेक्टरची चकती दुसऱ्या दिवशी सापडली,
कोरड्या तळ्यापलीकडे, जोशुआच्या झाडात,
खोडात अर्धी रुतलेली.
त्याच झाडाखाली आम्ही दुपारचे डबे उघडायचो.
त्यानंतर तिथे कुणी बसलं नाही.
असं कुणी ठरवलंही नव्हतं.

एक रॉकेट साठ फूट वर गेलं
आणि त्यानं मान वळवली.
मान असते का त्याला, लेलंडनं विचारलं नंतर.
होती. मी पाहिली.
आरशात डावं ते उजवं दिसतं, म्हणून मला वाटलं
चाललंय डोंगराकडे, जाऊ दे.
ते आमच्याकडे येत होतं.
तीस पावलांवर वाळूत शिरलं आणि तिथेच जळत राहिलं,
खाली वाळूची काच होईपर्यंत.
तो हिरवट खडा अजून माझ्या खिडकीत आहे.
ऊन आलं की बिचारा चमकतो.

हे सगळं सांगता येतं. लोक हसतातही.

सांगता येत नाही तो ऑगस्टमधला मंगळवार.
सकाळचे सहा, तरी मोहावीचा पत्रा तापलेला.
तीन. दोन. एक.
हॉबर्टनं खटका दाबला. दिवा लागला.
इंजिन गप्प.
नळीच्या तोंडाशी आम्लाची तपकिरी वाफ तेवढी,
फार सावकाश,
कुणी विचार करत करत विडी ओढावी तशी.
झडप अर्धी उघडून अडकली होती.
आत थेंब थेंब काय साठत होतं, ते आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

नियम होता: तीस मिनिटं कुणीही जवळ जायचं नाही.
मीच टाइप केलेला, मीच भिंतीला चिकटवलेला.
तीस मिनिटांनी काय, ते त्यात नव्हतं.
तीस मिनिटांनी माणूस जातो.

ऑर्विल टीग उठला.
ती झडप त्यानं बसवली होती, एवढंच म्हणाला.
ओलं ब्लँकेट खांद्यावर घेतलं.
मग चष्मा काढून माझ्या हातात दिला.
"काच नको डोळ्यांपाशी."
चष्म्याशिवाय त्याला स्वतःचा ट्रकही ओळखू येत नसे.

एकशे चाळीस पावलं.
आरशात तो हाताएवढा, मग बोटाएवढा, मग
वाफेत.
मी स्टॉपवॉच सुरू केलं. कशासाठी, माहीत नाही.
ती वेळ नोंदायला वहीत रकानाच नव्हता.
लेलंड ओठ हलवत होता. हा माणूस देव मानत नसे.
हॉबर्ट आरशाकडे पाठ करून उभा राहिला.
मी पाहत राहिले. कुणीतरी पाहायला हवं होतं.

तो परत आला.
झडप बंद करून, तितक्याच पावलांनी, चाचपडत.
बाहीला आम्लाची भोकं.
"ते टिकटिकत होतं," तो म्हणाला,
"धातू तापत होता की काय.
मला वाटलं, तुझं घड्याळच ऐकू येतंय इथवर."
चष्म्यासाठी त्यानं हात पुढे केला.
माझी मूठ उघडेना.
उघडली तेव्हा एक काडी वाकडी झालेली.

वहीत त्या दिवशीची एकच ओळ:
प्रज्वलन नाही.
स्टॉपवॉच संध्याकाळपर्यंत खिशात चालूच होतं.

गुरुवारी तेच इंजिन पेटलं.
२.१ सेकंद. नाहीसं झालं.
छतातून वाळू झरली, आणि आम्ही हसलो,
पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
तुरुंगातून सुटल्यासारखे.
ऑर्विल तेवढा हसला नाही.
कोपऱ्यात बसून
चष्म्याची काडी सरळ करत राहिला.