चार्ज देताना

बसा, खळदकर सर. ही डेडस्टॉकची वही.
लोखंडी कपाटं नऊ, त्यातल्या एकाला किल्लीच नाही.
पृथ्वीचे गोल दोन, एकावर अजून सोव्हिएत रशिया आहे,
पण मुलं तोच मागतात, तो जास्त गरगरतो.
सांगाडा एक, उजवा हात तारेनं बांधलेला.
सही शेवटी करा. घाई नाही.

जुडगा जड वाटेल सुरुवातीला.
ही फाटकाची किल्ली. फाटक मोझेमामा उघडतील,
पण पावणेसातला तुम्हीही तिथे असा.
भाषणाला नव्हे, नुसतं उभं राहायला.
कोण पळत येतं, कोण कालव्याच्या कडेनं रेंगाळत,
कुणाची चप्पल आज भावाच्या पायात गेलीय,
एवढं दिसतं.
खुर्चीत बसून बावीस वर्षांत
मला याच्या निम्मंही दिसलं नाही.

ही पितळी, मुलींच्या स्वच्छतागृहाची.
आधी तिथली कडी हलवून बघा,
शाळेचं ध्येयधोरण मग लिहा.
कडी तुटली होती त्या साली
आठवीतल्या सहा जणी मधल्या सुट्टीत घरी जायच्या
त्या परत यायच्याच नाहीत,
आणि आम्ही हॉलमध्ये पडदे लावून
गळतीवर कार्यशाळा घेत होतो.
पंचेचाळीस रुपयांची कडी.

आता टेबलाचा डावा खण.
जरा अडतो, वर उचलून ओढा.
आत सतरा नंबरचे कोरे अर्ज आहेत.
त्यांचं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे.
कच्चं पोर नववीतच हेरायचं,
आईला बोलवायचं, खुर्ची द्यायची, चहासुद्धा,
आणि मऊ आवाजात सांगायचं,
"बाहेरून बसवा, ताई. त्याच्यावरही ताण नको."

मीही केलंय. पहिल्याच वर्षी.
नसीम बागवान, दहावी क.
तिच्या आईनं चहा घेतला नाही,
कुठे सही करू एवढंच विचारलं.
निकाल शंभर टक्के लागला.
फ्लेक्स दांडेकर पुलावरून वाचता यायचा.
त्यावर मी हसत होते.

चार वर्षांनी मंडईत चिकू तोलताना
तिनंच मला ओळखलं.
"बाई, यंदा आपला किती टक्के?"
टोमणा असता तर बरं झालं असतं.
ती खरंच विचारत होती.
आपला, म्हणाली.
तागडीत वरून एक चिकू जास्तीचा टाकला,
पैसे मात्र बरोबर घेतले.

त्यानंतर सत्त्याण्णव. चौऱ्याण्णव. एकदा एक्क्याऐंशी.
शिक्षणाधिकाऱ्यांची पत्रं हिरव्या फायलीत आहेत,
माझी उत्तरंही. जरा तिखट आहेत, सांभाळून घ्या.
लोक विचारतात, बाई, तुमचं शाळेबद्दल मत काय.
मत कसलं.
टक्का काढताना जे पोर मी मोजलं नाही
ते अजून मला मोजत बसलंय, इतकंच.

हं, आणि एक नोंद वहीत नाही.
प्रज्वल कुचेकर.
गणितात एकोणीस, जुलैत पुन्हा बसला, अठ्ठावीस.
रात्री दोनपासून मार्केट यार्डात कोथिंबिरीच्या गाड्या उतरवतो,
साडेदहाला इथे येतो, ग्रंथालयात बसतो,
खिडकीकडचं बाक, जिथला पंखा चालत नाही.
नियमानं तो आता आपला विद्यार्थी नाही.
मी त्याला ये म्हटलंय.
तुम्हाला नको म्हणता येईल, खुर्ची तुमची आहे.

सोमवारी येईल.
डोकं टेकून झोपला असेल तर
पहिली वीस मिनिटं उठवू नका.
मग उठवा. आणि समरूप त्रिकोण विचारा,
तिथेच अडतो तो. ओरडू नका, त्यानं आणखी अडतो.

सही राहिली, सर.
इथे, तारखेच्या खाली.
पेन माझं घ्या, हवं तर.