पाचशे साठ मैल, सहीशिक्क्यासह

सव्वीस वर्षं मी माहोनच्या धक्क्यावर
काचेआडून समुद्र विकला.
जाण्याचा, जाण्यायेण्याचा, गाडीसकट, कुत्र्यासकट.
कुणी कधी विचारलं नाही, बाई, तुम्ही गेलाय का?
गेले होते. दोनदा. विमानानं.

आता परवान्याच्या अर्जावर एक रकाना आहे:
किनारा दिसत नसताना काटलेले मैल.
त्या एका रकान्यासाठी
बोनारियाच्या शिडाच्या होडीवर आठवड्याची जागा घेतली,
गुडघ्याएवढे बूट घेतले, आल्याच्या वड्या,
आणि बहिणीनं फुकट दिलेलं वाक्य:
पन्नाशीत बुडायला निघालीस?

बोनारिया त्रेसष्टची, सार्डिनियाची.
वारा चढो, दोर तुटो,
तिच्या पोटातलं पाणी हलत नाही.
माझ्या पोटात पहिले दोन दिवस पाणीच टिकलं नाही.
बादलीला मी बहिणीचं नाव ठेवलं.
झेप्पी, गोझोच्या खाणीत जन्मभर चुनखडी कापलेला,
ती धुऊन आणायचा
आणि माझ्या पायाशी ठेवायचा, हलकेच,
पाहुण्यापुढे तांब्या ठेवावा तशी.

तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला.
शीड आखडायला पुढे गेले रांगत,
कमरेचा पट्टा तारेला अडकवून,
पुन्हा तपासून, पुन्हा तपासून.
ओलं कापड थोबाडीत मारतं तेव्हा आवाज बंदुकीचा येतो.
तीन गाठी मारल्या.
दुसरी कुठली मारली ते आजही सांगता येणार नाही,
पण सुटली नाही.

पाचवी रात्र. दोन ते चारचा पहारा माझा.
सिसिली डावीकडे कुठेतरी, उजवीकडे आफ्रिका,
मधे मी आणि थर्मासमधली कोमट कॉफी.
पुढे एक दिवा.
मला वाटलं, पांतेलेरिया.
मी बेटाकडे बघत बसले, जरा प्रेमानंही,
की चला, जमीन आहे, लोक झोपलेत.
अर्धा तास तो दिवा तारेला टेकून होता,
इकडे नाही, तिकडे नाही.
मग त्याच्याखाली लाल उगवला. मग हिरवा.
दोन्ही एकदम.

पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत बरोबर लिहिलं होतं.
तरी बोनारियाला उठवायची लाज वाटली,
नुकती चाळीस मिनिटं झोपली होती बिचारी.

ती माझ्या हाकेनं उठली नाही.
सुकाणूवरचा माझा हात थरथरला
तेवढ्यानं होडीचा सूर बदलला, त्यानं उठली.
अनवाणी आली, दांडा माझ्या हातासकट धरला आणि ढकलला.
शिडं फडफडली, कप फुटला,
आणि शेजारून दहा मजली अंधार सरकत गेला,
डिझेलचा वास, आणि
शपथेवर सांगते, तळलेल्या लसणाचा.
तिकडे कुणीतरी भुकेला जागा होता.

ती ओरडली नाही.
म्हणाली, जो दिवा सरकतो त्याला जाऊ दे.
जो जागचा हलत नाही, तो तुझ्याकडे येतोय.
मग म्हणाली, काचा गोळा कर, मी अनवाणी आहे.

नोंदवहीत तिनं लिहिलं:
तीन दहा. मालवाहू जहाज. मार्ग बदलला.
सकाळी मी खाली तिच्या भाषेत जोडलं:
उशिरा ओळखलं. चूक माझी. मार्गालिदा.
तिनं चष्मा लावून वाचलं,
'उशिरा'मधलं एक अक्षर खोडून नीट केलं
आणि सही केली.

गोझोला झेप्पीची बायको मटार भरलेल्या पोळ्या घेऊन उभी होती.
धक्का माझ्या पायाखाली दोन दिवस डोलत राहिला.

सोमवारी पुन्हा खिडकीत.
बार्सेलोना किती तास?
नऊ, म्हटलं मी,
आणि रांगेच्या टोकाशी तो उंच माणूस,
केव्हाचा तिथेच, तेवढाच,
काचेच्या चौकटीला टेकलेला.
मी एक डोळा मिटून बघितलं.