शिळं ऊन

सोहारच्या हमरस्त्यालगत पाच मजली इमारत:
खाली मासळीचं शीतगृह, त्यावर मनी एक्स्चेंज,
तिसऱ्यावर डॉक्टर शम्सांचा दातांचा दवाखाना,
आणि गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून
पंगतीला बसलेले एकशे नव्वद पॅनल.

मी वाढपी नाही, मी पुसणारा.
पहाटे चारला दव धुळीत कालवलं जातं,
त्याचा थर सुकायच्या आत
लांब दांड्याच्या ब्रशने ओढून काढायचा.
इक्बाल म्हणतो, ऊन यायच्या आधी ताटं घासून ठेवतोस.
इक्बाल श्रीवर्धनचा. त्याला सगळ्यात जेवण दिसतं.

साडेबारा ते साडेतीन
माणसांनी उघड्यावर राबायचं नाही,
असा इथला उन्हाळ्याचा कायदा.
आम्ही जिन्यात बसतो, पाण्याची बाटली फिरवत.
पॅनलना कायदा नाही.
पण सत्तेचाळीस डिग्रीला तेही मंदावतात,
मीटरवरचा आकडा खाली येतो.
मला आधी खोटंच वाटलं.
उन्हानेच उन्हाची भूक मरते?

तळघरात बॅटरीची खोली.
चोवीस डिग्री, दिवसरात्र.
आमच्या कॅम्पवरचा एसी परवापासून पाणी ओकतोय,
तक्रार नोंदवलीय.
इथे अर्धा डिग्री चढली
तरी खल्फानचा फोन वाजतो.

खल्फान आमचा इंजिनीअर.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
वीस टक्क्यांखाली उतरू द्यायची नाही.
तळ खरवडला की आयुष्य घटतं.
मी मान हलवली.
त्याच संध्याकाळी मनी एक्स्चेंजच्या काचेपुढे उभा राहून
सगळे रियाल घरी धाडले.
खिशात उरला दीड.

मंगळवारी रात्री पावणेनऊला
अख्खा रस्ता विझला.
समोरचं सलून, पेट्रोल पंप, सिग्नलसुद्धा.
आमच्या इमारतीची पापणी लवली, बस्स.
शम्साबाईंच्या खुर्चीत एक म्हातारा
तोंड उघडून बसला होता.
त्याला कळलंही नाही
की आता त्याच्या दाढेवर पडतंय ते
दुपारी दोनचं ऊन आहे.
शिळं,
पण आंबलेलं नाही.

मी तळघरात, आकड्यापुढे.
बासष्ट. एकसष्ट.
सुरमईखालचा बर्फ, नोटा मोजायचं यंत्र,
लिफ्टमधला पंखा,
सगळे जेवत होते
आणि कुणी मान वर करत नव्हतं.

तेवढ्यात वैजूचा फोन.
करमाळ्यात पण लाइट गेलेली,
या आठवड्यात त्यांची रात्रीची पाळी.
अंधारात तिचा आवाज जवळून येतो.
तुझ्याकडं आहे का रे?
आहे, म्हटलं.
किती?
अठ्ठावन्न टक्के.

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली,
सगळी वाटून बसू नकोस.