गैरअर्जदार

माझं टेबल जिल्हा न्यायालयाच्या मागच्या गेटाशी,
कडुलिंबाखालच्या टिनाच्या शेडमध्ये,
झेरॉक्सवाल्याच्या कुलरची झुळूक अधूनमधून पोचते तिथे.
वकिलाला विचारायचे पैसे पडतात,
म्हणून लोक मला विचारतात.
मी तितरमारे. टंकलेखक. तेवीस वर्षं.
'सल्ला मिळणार नाही' असं पाटीवर लिहिलंय.
पाटी कोणी वाचत नाही.

"जमानत झाली म्हंजे केस सुटली काय जी?"
नाही.
"समन्स आन् वारंटात मोठं कोनतं?"
"ठान्यातून नोटीस आली, गेलो नाही तं?"
जा बाप्पा. घरी सांगून जा.
"मारलं नाही जी, ढकललं फक्त.
ढकलल्याचं कलम येगळं असते ना?"
याचं उत्तर मी माउस झटकत टाळतो.

मे महिन्यातला मंगळवार. पारा शेहेचाळीसवर.
साडेदहाला गोळीबार चौकातून चंद्रकलाबाई हेडाऊ आली,
डोक्याला ओला दुपट्टा, पिशवीत उन्हासाठी कांदा.
"पोराच्या संगं माह्यं बी नाव टाकलं सुनेनं.
धराच्या आधीच जमानत भेटते म्हंते, खरं काय?"
अर्ज करता येतो, म्हणालो. जुनी फाइल उघडली, नाव बदललं:
अर्जदार निर्दोष असून तिला खोट्या प्रकरणात गोवण्यात आले आहे.
हे वाक्य माझी बोटं झोपेतही लिहितात.
वाचून दाखवलं तेव्हा
'निर्दोष'पाशी ती दुपट्ट्याचं टोक चावत राहिली.
"एवढं सगळं लिवा लागते काय?"

अडीचला एक पोरगी आली, कडेवर लेकरू.
"खावटी कवापासून धरते? अर्ज केला तवापासून,
का घरातून काहाडलं तवापासून?"
अर्जापासून.
"कपाट माह्या बाबानं देल्लं, पावती नाही, तं?"
"आन् हे कोनाची?"
तुझ्याकडंच आहे ना, म्हणालो.
"कागदावर कोनाची, ते इचारून राह्यली मी."

दुसरी फाइल. अर्जदार निराधार असून
गैरअर्जदारांनी तिचा अमानुष छळ केला.
गैरअर्जदार क्रमांक दोन? नाव सांग.
तिनं सांगितलं.
तेच, सकाळचं. त्याच चौकातलं.
वेलांटी तपासली, पुढे गेलो.
लेकरानं तेवढ्यात शिक्क्याच्या पॅडमध्ये हात घातला,
दोघींचे कागद वाचवता वाचवता
माझा चहा सांडला.

बुधवारी चंद्रकलाबाई परत.
मला वाटलं, तारीख विचारायला.
"नातीले भेटाचा अर्ज असते काय जी? आजीचा?
तिले खालचे दात येनार होते. आले असतीन."

असतो बहुतेक. पण तसा नमुना नव्हता माझ्याकडे.
तेवीस वर्षांच्या फायलींत एकही नाही.
कोरं पान उघडलं.
अर्जदार: आजी.
गैरअर्जदार:
"इथं कोनाचं नाव टाकू? कोनाच्या तरी विरोधात असा लागते."

ती ऐकत नव्हती.
टेबलाच्या रेक्झिनवर, कडेला,
जांभळा अंगठा होता, तुरीच्या दाण्याएवढा.
"हे कोनाचं?"

शाईचं, मी म्हणालो.

मग लाइट गेली. इन्व्हर्टर चिरकायला लागला.
पान सेव्ह करायचं राहिलं होतं.
बाई कांदा हातात घेऊन तिथंच बसली,
आणि मागचा माणूस खांद्यावरून विचारत होता,
जमानत झाली म्हंजे केस सुटली काय जी?