चौथा वाडगा

सुरी फिरली की सफरचंद लगेच
हवेशी बोलायला लागतं.
सिन्नोवेला ते बोलणं लांबवायचंय
सकाळी आठपर्यंत.
वृद्धाश्रमात बत्तीस ताटल्या,
आणि स्वयंपाकघरात ती एकटी.

एका वाडग्यात मीठ, चिमूटभरच.
दुसऱ्यात मध, कोमट पाण्यात सैलावलेला.
तिसऱ्यात रूबार्बचे दांडे, जूनपासून गोठवलेले,
ठेचून, फडक्यातून पिळून:
गुलाबी, दात आंबतील असा रस.
चौथ्यात काहीच नाही. ताडून बघायला.

खाली फ्योर्डवर शेवटची बोट
दिवे मालवत धक्क्याला लागते.

सकाळी
मिठातल्या फोडींच्या कडा तांबूस.
मधातल्या बऱ्या, पण बोटं चिकट.
रूबार्बच्या मात्र आत्ता चिरल्यासारख्या,
आंबट आहेत, आंबट आहेत म्हणत
सगळ्यांनी पुन्हा मागून घेतलेल्या.

फक्त चार नंबरचा आयलिफ,
याच उतारावर चाळीस वर्षं झाडं छाटलेला,
हात लांबवून चौथा वाडगा ओढतो.

"ते नको. काळं पडलंय ते."

"पडणारच. आई दहाला चिरून ठेवायची.
जाळी सोडवून मी वर यायचो बाराला.
असंच असायचं."

आणि चावतो, सावकाश, कवळी सांभाळत.

सिन्नोवे वहीत लिहिते:
रूबार्ब. फ्रिजमध्ये. बहुतेक पाच दिवस.
मग पेन कानामागे खोचून
एक सफरचंद वेगळं काढते,
घड्याळ बघते, दहाला पाच कमी,
चिरते,
आणि ताटली उघडीच ठेवते.