फर्माईश, पहाटे साडेचार

आरेकीपात पहाटे साडेचारला
दोनच गोष्टी जाग्या असायच्या:
माझा ट्रान्समीटर,
आणि लोकांच्या स्वयंपाकघरांतल्या मुली.
दिवाणखान्यांना सातपर्यंत झोप.

मी गाणी लावायचो. ऐकायचो असं नाही.
बेकरीवाल्याला पावाचा वास येत नाही, तसं.
तबकडी फिरतेय, सुई घासतेय,
थर्मासातला कोकाच्या पानांचा चहा निवतोय
आणि मी पत्रं वाचतोय:
‘हिरव्या फाटकाच्या घरातली मुलगी विनंती करते…’
‘दातांच्या डॉक्टरीणबाईंकडची…’
‘दोन कुत्री आहेत त्या घरातली, लूनो आणि बारोन…’

कुत्र्यांची नावं असायची.
हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग पुनोकडच्या देल्मिरा नावाच्या बाईचं ते गाणं आलं.
ठेका असा की पाय स्वस्थ बसेनात,
लग्नांत लोक बिअर सांडत नाचले,
मालकिणीसुद्धा नाचल्या.
शब्दांकडे कानाडोळा करायला
चांगला ठेका फार सोयीचा.
मी ते दिवसातून सहादा लावलं असेल,
मला ते प्रेमाचं गाणं वाटत होतं.

    कपालासुद्धा कान असतो, बाई,
    मला तर नाव आहे.
    हाक मारून बघ.

एवढंच. क्रांतीबिंती काही नाही.
तीन ओळी, एक हार्प,
आणि मधेच खोकल्यासारखा एक ढोल.

पण मंगळवारच्या पिशवीत
चौकटींच्या वहीचा एक कागद निघाला:
‘फर्माईश: तेच गाणं.
पाठवणारी: हासिंता हुआयपा.’
दुसऱ्या दिवशी नऊ.
आठवड्यानं चाळीस.
फेलिपा, नातिविदाद, एकाच गल्लीतल्या दोन तोमासा,
आणि एकीनं नुसतंच स्वतःचं नाव
पानभर, शिक्षा झाल्यासारखं, लिहून पाठवलेलं.
गाणं साडेतीन मिनिटांचं, नावं अकरा मिनिटांची.
मॅनेजर म्हणाला, जाहिरातींचं काय?
म्हटलं, नावं संपली की.
नावं संपेनात.

रविवारी दुपारी त्या चौकात जमू लागल्या.
आधी नुसत्या वेण्या घालायला,
मग दबक्या आवाजात एकमेकींना पगार सांगायला,
मग एक वही आली आणि वहीत
मागण्या:
रविवार आपला.
संध्याकाळी शाळेला दोन तास.
झोपायच्या खोलीला कडी, आतून.

मालकिणी म्हणाल्या, रेडिओनं पोरी बिघडवल्या.
ज्यांना नाव घेता येत नाही
त्यांना नावं ठेवता येतात.
मी हसलो होतो त्यावर.

आणि एका पहाटे, माइक चालू असताना,
मी माझाच पत्ता वाचला.
घर क्रमांक चारशे बारा, मागची खोली.
तीन वर्षं माझ्या सदऱ्यांच्या कॉलरी घासणारी,
जिला मी ‘पोरी’ म्हणायचो,
मायेनं, असं माझं मत.
पुढे तिचं नाव, निळ्या शाईत.
रेडिओवर तीन सेकंद आवाज गेला
की लोक बिघाड समजतात.
मी सात घेतले.

एउलालिया चोकेवांका.

घरी पोचलो. तिनं चहा ठेवला, म्हणाली,
“‘वां’वर जोर द्यायचा, साहेब.”
मार्चमध्ये नोकरी सोडून गेली.
कुठे, ते मी विचारलं नाही;
विचारायचा हक्क कुठून आणणार होतो?

कायदा यायला पुढे बरीच वर्षं लागली.
अजूनही काही घरांत कडी बाहेरूनच आहे.
देल्मिराचं गाणं साबणाच्या जाहिरातीला विकलं गेलं,
शब्द काढून. ठेका तेवढा ठेवला.

टीव्हीवर ती धून लागली की
बायको आवाज मोठा करते,
आणि मी, निवृत्त माणूस, भांडी घासता घासता
शब्दांच्या रिकाम्या जागी
हासिंता भरतो, फेलिपा भरतो, दोन्ही तोमासा,
एखादा कप धुताना त्याचा कान धरून
शेवटचं नाव घेतो,
‘वां’वर जोर देऊन.